गदगा काढून घेतल्यानंतर : शिवाजी पेठेतील एका आखाड्यातील प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात एखादा मुलगा घाबरट निघाला की घरचे लोक त्याला तालमीत नाहीतर मर्दानी खेळांच्या, म्हणजे लाठी, तलवार, पट्टा अशा पारंपरिक शस्त्रविद्येच्या, आखाड्यात घालतात. हा उपाय इथे इतका रूढ आहे, की आखाड्यात नेमके काय घडल्यामुळे त्याची भीती कमी होते आणि ती कमी झाल्यावर त्या मुलाचे पुढे काय होते, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. मी पेशाने शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असून शिवाजी पेठेतील अशाच एका आखाड्यात नव्या मुलांच्या सरावाच्या नोंदी ठेवतो. त्यांपैकी एका मुलाचे प्रकरण त्याच्या आईवडिलांच्या संमतीने इथे मांडत आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत. हे प्रकरण निवडण्यामागे माझे एक ठाम मत आहे : भीती कमी होणे आणि चारित्र्य घडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले साधले म्हणजे दुसरे आपोआप होते हा समज आखाड्यांनी तरी बाळगू नये.

मुलगा आला तेव्हा आठवीत होता. वडील मालवाहू टेम्पो चालवतात आणि आई घरी शिवणकाम करते. सातवीत असताना शाळेबाहेर मोठ्या मुलांनी त्याला भिंतीशी धरून मारले होते आणि त्यात त्याचा समोरचा दात अर्धा तुटला होता. दात दंतवैद्याने नीट करून दिला, पण त्यानंतर चेहऱ्याजवळ काहीही वेगाने आले, मग तो चेंडू असो, कोणाचा हात असो किंवा आईने झटकलेली चादर असो, की तो डोळे घट्ट मिटून मान एका बाजूला वळवी आणि खांदा कानापर्यंत उचली. क्रिकेट त्याने सोडले. शाळेत तो मागच्या फाटकाने जाऊ लागला आणि मधल्या सुट्टीत वर्गातच बसू लागला. वडिलांनी वस्तादांना सांगितले, “पोरगं पार नरमलंय, त्याला जरा तयार करा.” आईचे निरीक्षण अधिक नेमके होते. ती म्हणाली, “मार खाल्ल्याचं दुःख त्याला आता राहिलं न्हाई. पण कधीबी मार बसंल, असं त्याला सारखं वाटतंय.”

आईच्या त्या वाक्यात या प्रकरणाचे निदान आले होते. भीती टिकून राहते ती मुख्यतः टाळण्यामुळे. मागच्या फाटकाने गेल्यावर मुलाला लगेच हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणे हेच टाळण्याचे बक्षीस ठरते. पुढच्या फाटकातून गेलो असतो तर खरोखर काही झाले असते का, हे पडताळून पाहण्याची संधी त्याला कधीच मिळत नाही, म्हणून मनातला अंदाज खोटा ठरत नाही आणि भीती तशीच राहते, बहुधा वाढतेही. डोळे मिटणे हीसुद्धा टाळण्याचीच एक तऱ्हा आहे. डोळ्यासमोर वस्तू आल्यावर पापणी लवणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती कोणत्याही सरावाने पूर्णपणे जाणार नाही आणि जाऊही नये. मात्र पापणी लवल्यानंतर डोळे मिटूनच ठेवणे, मान वळवणे आणि श्वास कोंडून धरणे या गोष्टी शिकलेल्या असतात, आणि शिकलेली गोष्ट बदलता येते.

कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमींतून पिढ्या घडल्या. त्यामुळे या मुलालाही लाल मातीतच का उतरवले नाही, असे वडिलांनी विचारले. वस्तादांचे म्हणणे असे होते, की कुस्तीत अंगाला अंग भिडते, तिथे पकडले जाण्याची आणि पाठ टेकण्याची भीती जाते. या पोराची भीती मात्र तोंडावर येणाऱ्या फटक्याची आहे, तेव्हा तोंडाच्या रोखाने काहीतरी आले पाहिजे आणि ते त्याला स्वतःच्या हाताने अडवता आले पाहिजे. त्यासाठी फरी-गदग्याइतके योग्य साधन दुसरे नाही. फरी म्हणजे लहानशी गोल ढाल आणि गदगा म्हणजे चामडे चढवलेली काठी. तलवारीचे वार आणि ते अडवण्याची रीत पूर्वीपासून याच जोडीवर शिकवली जाते, कारण त्यात वार खरा असतो आणि इजा मर्यादित राहते.

पहिले काही आठवडे मात्र त्याच्या हातात काहीच दिले गेले नाही. फक्त पवित्रा. गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार दोन्ही पायांवर तोलून पुढे, मागे आणि तिरके सरकणे, एवढाच सराव तो रोज संध्याकाळी करीत असे. वडिलांना हे संथ वाटले. २०२४ च्या शिवजयंतीला राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिल्यापासून पालक थेट पट्ट्याचीच चौकशी करीत येतात, तसे तेही आले होते. पण पट्ट्याचे पाते लांब आणि लवचीक असते, कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबळ्यामुळे मनगट वळत नाही आणि सगळा हात खांद्यातून फिरवावा लागतो. ज्याचा खांदा भीतीने कानाला लागतो, त्याने पट्टा फिरवला तर तो आधी स्वतःलाच लागेल. वस्तादांनी हे वडिलांना समजावून सांगितले आणि विषय तिथेच थांबवला.

पवित्र्याचा उपयोग मला पुढे नीट कळला. घाबरलेला मुलगा जागच्या जागी थिजतो, आणि थिजल्यावर त्याच्यापुढे डोळे मिटण्याखेरीज मार्ग उरत नाही. पाय आपोआप सरकू लागले की मागे जाणे म्हणजे पळणे राहत नाही, ती एक निवड होते. ज्या दिवशी या मुलाच्या हाती पहिल्यांदा गदगा आला, त्या दिवशी त्याची मूठ इतकी आवळलेली होती की अंगठ्याचे नख पांढरे पडले होते. वस्तादांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही, ते त्या नखाकडे पाहत होते. पुढचे सगळे आठवडे त्यांनी हाच मापदंड वापरला. नखाला रंग आला की अंतर कमी करायचे, नख पांढरे झाले की आहे त्याच अंतरावर थांबायचे.

सरावाची रीत साधी होती, पण ती काटेकोरपणे पाळली गेली. वस्ताद सुरुवातीला गदगा पोहोचणार नाही इतक्या दूर उभे राहत आणि वार करण्याआधी त्याचे नाव पुकारत : तमाचा, बाहेरा, शीर. मुलाने तेच नाव मोठ्याने उच्चारून फरी त्या बाजूला न्यायची. मोठ्याने बोलायचे म्हटले की कोंडलेला श्वास बाहेर पडतो, हे यातील मर्म आहे. “श्वास सोड” असे हजारदा सांगून जे होत नाही, ते एका आरोळीने होते. मग अंतर हळूहळू कमी झाले, मग नाव पुकारणे बंद झाले, मग वारांचा क्रम मोडला. चेहऱ्याला स्पर्श करायचा नाही, हा नियम वस्तादांनी स्वतःवर घालून घेतला होता आणि मुलाला तो ठाऊक होता. मुलालाही एक अधिकार होता. गदग्याचे टोक जमिनीला टेकवले की वार तत्काळ थांबत. मात्र टोक टेकवून घरी जायचे नाही. चार श्वास घ्यायचे, आणि जो वार अर्धवट राहिला तोच पुन्हा घ्यायचा. भीती शिगेला पोहोचली असताना मुलगा निघून गेला तर तो पळ काढल्याचा दिलासा घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच भीती दुप्पट होऊन येते, म्हणून हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थांबण्याचा हक्क मुलाचा, पण सरावाचा शेवट कोणत्या टप्प्यावर करायचा हे वस्तादांनी ठरवायचे.

वळण अपघातानेच आले. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी त्याची फरी वर गेली आणि वस्तादांचा गदगा तिच्या खालून निसटून त्याच्या गालाला लागला. फटका जोराचा नव्हता, पण चामड्याचा आवाज मैदानभर ऐकू गेला आणि बाकीची मुले थांबली. मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. त्याने गालावरून हात फिरवला, वस्तादांकडे पाहिले आणि विचारले, “एवढंच व्हय?”

त्याने दीड वर्ष ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती, ती प्रत्यक्षात घडली आणि मनातल्या अंदाजापेक्षा कितीतरी लहान निघाली. भीतीवरील उपचारांत हाच क्षण निर्णायक मानला जातो. नुसते भीतीच्या सान्निध्यात राहून सवय होते असे नाही. “असे झाले तर मी कोलमडेन” हा अंदाज जेव्हा अनुभवाने खोटा ठरतो, तेव्हा मन नवे काही शिकते. आणि तो अंदाज खोटा ठरण्यासाठी मुलाला त्याआधी आपल्या पायांवर उभे राहता आलेले असावे लागते. हाच फटका पहिल्या आठवड्यात बसला असता, तर तो मुलगा पुन्हा त्या मैदानावर दिसला नसता, याविषयी मला शंका नाही. म्हणून “दोन फटके द्या, भीड चेपेल” असे सांगणाऱ्या पालकांशी मी कधीही सहमत होत नाही.

आखाड्यात गेलेली भीती शाळेच्या फाटकात परत येते, हेही लवकरच दिसले. मैदानावर वस्तादांसमोर तो सहज उभा राहायचा, पण शाळेचा रस्ता मात्र अजून बदलला नव्हता. मन जे शिकते ते जागेला, माणसांना आणि प्रसंगाला बांधून शिकते. म्हणून वस्तादांनी सरावाची जागा बदलली. कधी शाळेचा गणवेश आणि पाठीवर दप्तर, कधी दोन घरांमधली अरुंद बोळ, कधी समोर वस्तादांऐवजी त्याच्याहून धिप्पाड मुलगा. कधी हलगी, घुमकं आणि कैताळ या वाद्यांच्या कडकडाटात सराव झाला, कारण तो आवाज इतका मोठा असतो की घाबरलेल्या माणसाला त्यात काही सुचत नाही. दिवाळीच्या आसपास एका सकाळी तो शाळेत पुढच्या फाटकाने गेला. आईला हे त्याने सांगितले नाही. वर्गमित्राकडून तिला कळले.

बहुतेक लोक प्रकरण इथेच संपवतील. माझ्या मते खरे प्रकरण इथून सुरू होते.

दिवाळीनंतर आखाड्यात पाचवीतला एक नवा मुलगा आला. तोही डोळे मिटायचा. या प्रकरणातल्या मुलाला त्याच्याबरोबर हलक्या हाताने सराव करायला सांगितले होते. वस्ताद दुसऱ्या बाजूला लाठीचे हात दाखवत असताना त्याने त्या लहानग्याच्या मनगटावर एकामागून एक कडक फटके मारले. तो रडू लागल्यावरही हा थांबला नाही, उलट “डोळं उघड की!” म्हणून हसला. लहानग्याने गदग्याचे टोक जमिनीला टेकवले होते. म्हणजे थांबण्याचा जो हक्क स्वतःला मिळाला होता, तोच त्याने दुसऱ्याला नाकारला होता. त्याच आठवड्यात शाळेतूनही निरोप आला, की हा मुलगा रांगेत मुलांना ढकलतो.

याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भीतीने दबलेल्या मुलाने जगाचे एकच चित्र पाहिलेले असते : मारणारा आणि मार खाणारा. भीती गेली की तो त्या चित्रातली जागा बदलतो, चित्र बदलत नाही. तायक्वांदोच्या संदर्भात अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरांचे तीन गट करून त्यांना सहा महिने प्रशिक्षण दिले गेले. एका गटाला ध्यान, शिष्टाचार आणि विचारांसह पारंपरिक पद्धतीचे, दुसऱ्याला केवळ लढतीच्या तंत्राचे, तर तिसऱ्याला साधा व्यायाम. पारंपरिक गटातील मुलांची आक्रमकता कमी झाली. केवळ लढायला शिकलेल्या गटाची वाढली. मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे त्या अभ्यासावर सगळा भार टाकता येणार नाही, पण आमच्या मैदानावर जे दिसत होते त्याच्याशी तो तंतोतंत जुळत होता. वार करण्याचे कौशल्य आणि वार राखण्याचे कौशल्य वेगवेगळे शिकवावे लागते.

वस्तादांनी त्याला आखाड्यातून काढले नाही आणि सर्वांसमोर रागावलेही नाहीत. सराव संपल्यावर त्याला बाजूला बसवून ते म्हणाले, “गदगा ठेव. आजपासनं तुझ्याकडं फक्त फरी.” अर्थ असा, की यापुढे त्याने कोणावरही वार करायचा नाही, नव्या मुलांसमोर फरी घेऊन उभे राहायचे, त्यांचे वार स्वतः झेलायचे, वाराचे नाव पुकारायचे, आणि ज्याचे डोळे मिटतात त्याच्यासाठी अंतर वाढवायचे. मुदत सांगितली नाही. कधी संपेल असे मुलाने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “ते बारकं पोरगं सांगंल तवा.”

वडिलांना हा अपमान वाटला. ते आखाड्यात येऊन म्हणाले, “वस्ताद, आत्ता कुठं पोरगं धीट झालं, आन् तुम्ही त्याला परत मारखाऊ करताय व्हय?” वस्तादांनी त्यांना बसायला सांगितले आणि शांतपणे विचारले, “शाळंच्या भिंतीपाशी तुमच्या पोराला ज्यांनी मारलं, ती पोरं धीट हुती का न्हाई?” वडील काही बोलले नाहीत. मुलगा त्यानंतर पाच-सहा दिवस फिरकला नाही, आणि मग एका संध्याकाळी कोणी न बोलावता आला, कोपऱ्यातली फरी उचलली आणि त्या लहानग्यासमोर उभा राहिला.

या काळातील नोंदी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत, कारण बदल फार सावकाश झाला. पहिल्या काही दिवसांत तो कर्तव्य म्हणून उभा राहायचा, नजर दुसरीकडे. मग त्याने लहानग्याच्या अंगठ्याच्या नखाकडे पाहायला सुरुवात केली, जे त्याला कोणी शिकवले नव्हते. वस्ताद आपल्या नखाकडे पाहायचे हे त्याच्या ध्यानात आले असावे. एकदा लहानग्याचा वार चुकून त्याच्या बोटांवर बसला. बोटे चांगलीच लाल झाली, पण त्याने फरी खाली घेतली नाही आणि “परत शीर मार, जोरात,” एवढेच म्हणाला. मला या प्रसंगात गालावरच्या फटक्यापेक्षा जास्त महत्त्वाचे काही दिसते. तिथे त्याने स्वतःची भीती सोसली होती. इथे वेदना झाल्यावर परत मारण्याची ऊर्मी त्याने आवरली, आणि तीही हातात ताकद असताना, समोरचा दुबळा असताना.

आखाड्याच्या रीतीभातींचाही यात वाटा आहे, आणि त्यांना निव्वळ औपचारिकता समजणे चूक ठरेल. मैदानात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावणे, शस्त्राला पाय लागू न देणे, शस्त्र ओलांडून न जाणे, खंडेनवमीला सर्व शस्त्रे स्वच्छ करून पूजेत मांडणे, सराव सुरू करताना आणि संपवताना जोडीदाराला वंदन करणे, या गोष्टी मुलाला रोज आठवण करून देतात की हातातली वस्तू इजा करू शकते आणि समोरचा माणूस आपल्यावर विश्वास टाकून उभा आहे. प्रात्यक्षिकांत तळहातावरचे लिंबू कापताना लोक टाळ्या वाजवतात त्या तलवार चालवणाऱ्याला. तळहात पुढे करून स्थिर उभा राहणारा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वस्ताद नव्या मुलांना आवर्जून त्याच्याकडे पाहायला सांगतात.

लहानग्याने “आता दादाला गदगा द्या” असे स्वतःहून सांगितले ते उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. गदगा परत मिळाल्यावर या मुलाचा हात पूर्वीपेक्षा वेगवान होता, पण प्रत्येक वार जोडीदाराच्या अंगापासून बोटभर अंतरावर थांबत होता.

जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर पूर्वीच्या मोठ्या मुलांपैकी एकाने त्याला फाटकाजवळ अडवले. मुलाने हात खालीच ठेवले, एक पाय मागे घेऊन पवित्र्यात उभा राहिला, त्याच्या डोळ्यांकडे पाहून मोठ्याने म्हणाला, “वाट सोड,” आणि बाजूने निघून थेट वर्गशिक्षकांकडे जाऊन त्याचे नाव सांगितले. सातवीत मार खाल्ला तेव्हा त्याने नाव सांगितले नव्हते. हात न उचलता नाव सांगायला फरी-गदग्याच्या लढतीपेक्षा अधिक धैर्य लागते, असे माझे मत आहे, कारण त्यानंतर रोज त्याच फाटकातून जायचे असते.

या बदलाचे सगळे श्रेय आखाड्याला देणे बरोबर होणार नाही. दरम्यान शाळेने सुटण्याच्या वेळी फाटकावर शिक्षक उभे करायला सुरुवात केली होती, मुलाची उंची वाढली होती, आणि आईने त्याला एकदाही “भित्रा” म्हटले नव्हते. काही गोष्टी अजून तशाच आहेत. मागून कोणी अचानक खांद्यावर हात ठेवला तर तो आजही दचकतो. ज्या मुलांना झोप लागत नाही, धाप लागून हातपाय थरथरतात, किंवा ज्यांना घरातच मार बसतो, त्यांच्यासाठी आखाडा हा उपाय नाही. अशा मुलांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले पाहिजे, आणि मूल संकटात असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवले पाहिजे. आमच्याकडे अशी मुले येतात तेव्हा वस्ताद त्यांना परत पाठवत नाहीत, पण पालकांना आधी डॉक्टरांकडे जायला सांगतात.

या प्रकरणानंतर आखाड्याने आपली रीत बदलली. पूर्वी फरी-गदगा जमला की मुलाला थेट जोडीला उभे केले जाई. आता प्रत्येक मुलाला, मग तो भित्रा असो वा धीट, लढतीला उतरण्याआधी काही काळ नुसती फरी घेऊन नव्या मुलांचे वार झेलावे लागतात, आणि तो काळ केव्हा संपला हे त्याच्यासमोर सराव करणारी मुलेच सांगतात. हा मुलगा सध्या पट्ट्याचे पहिले हात शिकतो आहे, आणि मंगळवारी व शुक्रवारी नव्या तुकडीसमोर फरी घेऊन उभा राहतो.